दूध किती वेळ टिकते? कच्चे दूध, पिशवीचे दूध आणि 'लॅक्टोज-फ्री' दूध

दूध हा बाजारातील सर्वांत नाशवंत माल आहे. धान्य महिनाभर पडून राहिले तर भावाची चिंता असते, मालाची नसते. कांदा-बटाटा आठवडाभर निभावतो. दुधाचा हिशेब मात्र तासांत करावा लागतो. सकाळी सहाला काढलेले दूध दुपारी बाराला कोणत्या अवस्थेत असेल, यावर उत्पादकाची कमाई, दूधवाल्याची पत, हॉटेलवाल्याचा चहा आणि घरातील मुलाबाळांचे आरोग्य अवलंबून असते.

बुलढाणा तालुक्यातील धाड हे जालना जिल्ह्याच्या सीमेजवळचे मोठे बाजाराचे गाव आहे. आसपासच्या खेड्यांतील दूध येथे मोटारसायकलीला लावलेल्या कॅनमधून येते. काही दूध घरोघरी रतिबाला, काही चहाच्या हॉटेलांना व मिठाईवाल्यांना जाते, तर काही संकलन केंद्रांवर जाते. अशा व्यवसायात आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आहेत. कोणी म्हशी पाळतो, कोणी दूध गोळा करतो, कोणी हॉटेल चालवतो, तर कोणी किराणा दुकानात पिशवीचे व डब्याचे दूध विकतो. अलीकडे दुकानांत 'लॅक्टोज-फ्री' असे छापलेले दुधाचे डबेही दिसू लागले आहेत. हे दूध महिनोन्महिने टिकते कसे, त्यात काही औषध घातलेले असते काय, ते आपल्या गिऱ्हाइकाला विकावे की नाही, असे प्रश्न दुकानदार विचारतात. म्हणून दूध नासते का येथपासून हा विषय क्रमाने समजून घेऊ.

दूध नासते म्हणजे काय होते?

निरोगी जनावराच्या कासेतून निघणारे दूध साधारण ३७-३८ अंश सेल्सिअस तापमानाचे असते. त्यात सुरुवातीला जंतूंची संख्या कमी असते. नंतर सडाची कातडी, दोहणाऱ्याचे हात, भांडे, गोठ्यातील धूळ व माशी यांतून जंतू दुधात उतरतात. दूध हे जसे माणसाचे अन्न आहे तसे ते जंतूंचेही आहे. पाणी, साखर, प्रथिने, क्षार सारे त्यात आयते असते आणि तापमानही त्यांना मानवणारे असते.

दुधातील साखरेला लॅक्टोज म्हणतात. काही जंतू ही साखर खाऊन तिचे लॅक्टिक आम्ल बनवतात. ताज्या दुधातील आम्लता साधारण ०.१३ ते ०.१५ टक्के असते. ती वाढत वाढत ०.२ टक्क्यांच्या पुढे गेली की दूध उकळताना फाटण्याचा धोका येतो. या वेळी दुधाला आंबट वास येत नाही, चवही फारशी बदललेली नसते. म्हणूनच 'दूध चांगले दिसत होते, गॅसवर ठेवले आणि फाटले' अशी तक्रार येते. गिऱ्हाईक दूधवाल्याला दोष देतो आणि दूधवाला गिऱ्हाइकाच्या भांड्याला. दोष बहुधा मधल्या चार-पाच तासांचा असतो.

या जंतूंची वाढ किती वेगाने होते ते एका साध्या गणिताने कळेल. उबदार दुधात एका जंतूचे दोन होण्यास अर्धा तास लागतो असे धरू. तर एका तासात चार, दोन तासांत सोळा आणि पाच तासांत एकाचे १,०२४ होतात. सुरुवातीला हजार जंतू असतील तर पाच तासांत दहा लाखांवर जातात. हेच दूध ४ अंशांपर्यंत थंड केले तर आम्ल तयार करणाऱ्या जंतूंची वाढ जवळजवळ थांबते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. थंडीने जंतू मरत नाहीत, फक्त मंदावतात. दूध पुन्हा कोमट झाले की ते कामाला लागतात. काही जंतू तर थंडीतही हळूहळू वाढतात. म्हणून फ्रिजमधील दूधही कायमचे टिकत नाही.

एका कॅनचा हिशेब

व्यवसायाच्या दृष्टीने हा प्रश्न किती गंभीर आहे ते पाहू. समजा एक दूधवाला ५० रुपये लिटरने दूध घेतो आणि सर्व खर्च जाऊन त्याला लिटरमागे ८ रुपये सुटतात. ४० लिटरच्या एका कॅनमागे त्याचा नफा ३२० रुपये झाला. आता उन्हाळ्यात एक कॅन नासला तर खरेदीचे २,००० रुपये बुडाले. ही तूट भरून काढायला त्याला सव्वासहा कॅन दूध विकावे लागेल. भाव ज्याचे त्याने आपले घालून पाहावेत, उत्तर फारसे बदलणार नाही. आठवड्याला एक कॅन जरी गेला तरी अनेकांच्या धंद्यातील बरकत तेथेच संपते.

याच ठिकाणी माणूस मोहात पडतो. दूध नासू नये म्हणून कोणी सोडा घालतो, कोणी बर्फाचे खडे टाकतो, कोणी त्याहून वाईट काही. त्याबद्दल पुढे लिहिले आहे. आधी प्रामाणिकपणे दूध टिकवण्याचे मार्ग पाहू. ते महाग नाहीत.

धारेपासून कॅनपर्यंत

पहिली गोष्ट स्वच्छतेची. दोहण्यापूर्वी कास व सड धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडे करावेत. ओल्या सडावरून गळणारे पाणी जंतूंनी भरलेले असते. पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून टाकाव्यात, कारण सडाच्या तोंडाशी साचलेले जंतू त्यांत असतात. धार काढताना गोठ्यात झाडलोट करू नये, धूळ उडणारे कुटारही टाकू नये.

दुसरी गोष्ट भांड्यांची. प्लॅस्टिकच्या जुन्या कॅनला आतून चरे पडतात आणि त्यांत दुधाचा थर अडकून राहतो. वरून धुतले तरी तो निघत नाही. ताजे दूध त्यात ओतले की जणू विरजणच लागते. स्टेनलेस स्टीलचा किंवा अॅल्युमिनियमचा कॅन वापरावा. तो आधी थंड पाण्याने विसळावा, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासावा, शेवटी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात उपडा ठेवावा. झाकणाच्या रबरी कड्याखाली साचलेला मळ काढण्याचे अनेकजण विसरतात.

तिसरी गोष्ट थंडाव्याची. दूध काढल्यावर जितक्या लवकर थंड होईल तितके ते अधिक टिकते. ज्याच्याकडे फ्रिज किंवा शीतकरणाची सोय नाही त्याने कॅन पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडवून ठेवावा, पाणी बदलावे आणि स्वच्छ दांडीच्या ढवळणीने दूध अधूनमधून हलवावे. विहिरीच्या पाण्याने दूध ४ अंशांवर येणार नाही, पण ३७ अंशांवरून दहा-बारा अंश जरी खाली आले तरी दोन-तीन तासांची मुदत मिळते. मोटारसायकलीवर नेताना कॅनला ओले गोणपाट गुंडाळावे. वाऱ्याने पाणी उडते आणि कॅन थंड राहतो. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या पुढे असताना, उघड्या कॅनवर ऊन पडू देणे म्हणजे दूध चुलीवर ठेवण्यासारखे आहे.

चौथी गोष्ट मिसळण्याची. संध्याकाळचे थंड दूध आणि सकाळचे गरम दूध एकाच कॅनमध्ये ओतण्याची सवय सर्वत्र दिसते. रात्रभर थोडे वाढलेले जंतू सकाळच्या उबेत झपाट्याने वाढतात आणि दोन्ही वेळचे दूध हातचे जाते. दोन वेळचे दूध वेगळे ठेवावे. मिसळायचेच असेल तर सकाळचे दूध आधी थंड करून घ्यावे.

बर्फ कॅनच्या बाहेर हवा, दुधात नको. दुधात टाकलेला बर्फ वितळून पाणीच होते, म्हणजे ती भेसळ झाली. शिवाय मासे व शीतपेये गार करण्यासाठी बनवलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही.

चांगल्या दुधाची परीक्षा

संकलन केंद्रावर फॅट व एस.एन.एफ. मोजून भाव ठरतो. हे आकडे दूध किती कसदार आहे ते सांगतात, ते किती ताजे आहे ते सांगत नाहीत. सात फॅटचे म्हशीचे दूधही नासायला आलेले असू शकते. लॅक्टोमीटरचेही तसेच आहे. ताजेपणासाठी वेगळ्या परीक्षा आहेत.

सर्वांत सोपी परीक्षा उकळण्याची. काचेच्या नळीत थोडे दूध घेऊन ती नळी पाच मिनिटे उकळत्या पाण्यात धरतात. दुधात कण दिसले तर ते दूध उकळण्यास व टिकवण्यास योग्य नाही. प्रत्येक गवळ्याच्या दुधाचा चमचाभर नमुना कॅनमध्ये ओतण्यापूर्वी असा तपासला तर एकाचे नासके दूध इतर दहा जणांचे दूध बिघडवणार नाही.

दुसरी परीक्षा अल्कोहोलची. दूध व ६८ टक्के अल्कोहोल समप्रमाणात मिसळून कण दिसतात का ते पाहतात. ही परीक्षा अधिक कडक आहे. उकळताना न फाटलेले दूधही येथे पकडले जाते.

तिसरी मिथिलीन ब्ल्यू परीक्षा, जी प्रयोगशाळेत होते. दुधात निळा रंग टाकून ते कोमट ठेवतात. जंतू जितके जास्त तितका रंग लवकर उडतो. पाच तास किंवा अधिक रंग टिकला तर दूध उत्तम, तीन-चार तास टिकला तर चांगले आणि अर्ध्या तासात उडाला तर ते निकृष्ट समजतात.

उकळलेले, पाश्चराइज्ड आणि यूएचटी

आपल्या घरांत दूध आणले की उकळण्याची पद्धत आहे आणि ती योग्य आहे. कच्च्या दुधातून क्षय, ब्रुसेलोसिस व हगवणीचे जंतू येऊ शकतात. उकळल्याने ते मरतात. तरीही काही जंतूंची बीजे उकळण्यालाही दाद देत नाहीत. ती नंतर रुजतात. म्हणून उकळलेले दूध बाहेर ठेवले तर तेही काही तासांनी बिघडते.

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिले की पेय उकळीपर्यंत न नेता ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ ठेवले तरी नासाडी करणारे जंतू मरतात. हीच पद्धत पुढे दुधाला लावण्यात आली. आज डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर ३० मिनिटे तापवून लगेच थंड करतात. हे पाश्चराइज्ड दूध. पिशवीत येते ते हेच. यात रोगजंतू मरतात, पण सर्वच जंतू मरत नाहीत. म्हणून पिशवी सतत थंड ठेवावी लागते.

तिसरी पद्धत यूएचटी म्हणजे अतिउच्च तापमानाची. यात दूध १३५ अंशांवर किंवा त्याहून अधिक तापमानाला अवघी काही सेकंद नेतात आणि निर्जंतुक केलेल्या अनेक थरांच्या डब्यात, बाहेरची हवा न लागू देता भरतात. आत दूध नासवणारा जंतू उरत नाही आणि बाहेरचा शिरत नाही. म्हणून ते फ्रिजशिवाय महिनोन्महिने टिकते. त्यात टिकवण्याचे औषध घातलेले नसते. डबा एकदा फोडला की मात्र हवेतील जंतू आत जातात आणि ते दूध साध्या दुधाप्रमाणेच बिघडते.

चौकट : कोणते दूध साधारण किती टिकते?

• कच्चे दूध, उन्हाळ्यात बाहेर : तीन ते पाच तास. स्वच्छता कमी असेल तर त्याहूनही कमी.
• उकळलेले दूध, झाकून, बाहेर : उन्हाळ्यात सहा-आठ तास. हिवाळ्यात यापेक्षा जास्त. मग पुन्हा उकळावे.
• उकळलेले दूध, फ्रिजमध्ये : दोन ते तीन दिवस.
• पाश्चराइज्ड पिशवी, न फोडलेली, फ्रिजमध्ये : पिशवीवरील तारखेपर्यंत, बहुधा दोन दिवस.
• यूएचटी डबा, न फोडलेला, सावलीत : डब्यावरील तारखेपर्यंत, काही महिने.
• यूएचटी डबा, फोडल्यावर, फ्रिजमध्ये : दोन-तीन दिवस.
• लॅक्टोज-फ्री दूध : ज्या पद्धतीने तापवून भरले असेल त्या पद्धतीच्या दुधाइतकेच.

फ्रिजच्या दारातील कप्पा सर्वांत उबदार असतो. दूध आतल्या बाजूस, मागे ठेवावे. वीज तासन्‌तास गेली तर फ्रिजचे दार उघडू नये आणि वीज आल्यावर दूध उकळूनच वापरावे.

लॅक्टोज-फ्री दूध म्हणजे काय?

चौकटीतील शेवटची ओळ अनेकांना आश्चर्याची वाटेल. ती समजण्यासाठी लॅक्टोजकडे पुन्हा वळू.

गाईच्या किंवा म्हशीच्या १०० मि.ली. दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज असते. ही साखर ग्लुकोज व गॅलॅक्टोज या दोन लहान साखरांच्या जोडणीने बनते. आतड्यात लॅक्टेज नावाचे एन्झाइम असते. ते ही जोडणी तोडते, तेव्हाच ती साखर रक्तात जाऊ शकते. तान्ह्या बाळात हे एन्झाइम भरपूर असते. वय वाढते तसे पुष्कळ माणसांत ते कमी होत जाते. जगातील प्रौढांपैकी निम्म्याहून बरेच अधिक लोक लॅक्टोज पूर्ण पचवू शकत नाहीत. आपल्या देशात वायव्येकडील पशुपालक समाजांत पचवणारे अधिक आणि दक्षिणेकडे कमी असे आढळते.

न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात जाते. तेथील जंतू ते आंबवतात. त्यातून पोट फुगणे, गुडगुडणे, वायू होणे, पातळ जुलाब असा त्रास होतो. यालाच 'दूध मानवत नाही' असे आपण म्हणतो.

लॅक्टोज-फ्री दूध तयार करताना लॅक्टोज सहसा गाळून काढत नाहीत. दुधात लॅक्टेज एन्झाइम मिसळतात. आतड्यात व्हायचे काम कारखान्यातच होऊन जाते. लॅक्टोज तुटून ग्लुकोज व गॅलॅक्टोज होतात. या दोन साखरा लॅक्टोजपेक्षा अधिक गोड लागतात, म्हणून साखर न घालताही हे दूध गोड लागते. प्रथिने, कॅल्शियम व स्निग्धांश साध्या दुधाइतकेच राहतात. आपल्या बाजारात अमूलसारख्या मोठ्या संस्थेचेही लॅक्टोज-फ्री दूध आहे.

मग ते जास्त टिकते का?

लॅक्टोज जंतूंचे खाद्य आहे, ते काढले म्हणजे जंतू उपाशी राहतील आणि दूध टिकेल, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. लॅक्टोजच्या जागी तितकाच ग्लुकोज व गॅलॅक्टोज दुधात असतो आणि जंतूंना ग्लुकोज अधिकच सोपा. त्यामुळे नुसत्या लॅक्टोज तोडण्याने दूध एक तासही जास्त टिकत नाही.

दुकानातील लॅक्टोज-फ्री डबा महिनोन्महिने टिकतो तो यूएचटी पद्धतीमुळे. त्याच पद्धतीचा साध्या दुधाचा डबाही तितकाच टिकतो. लॅक्टोज-फ्री दूध केवळ पाश्चराइज करून भरले तर त्याला पिशवीच्या दुधासारखेच फ्रिजमध्ये ठेवावे लागेल. म्हणून डब्यावर 'लॅक्टोज-फ्री' हे शब्द वाचून टिकण्याचा अंदाज बांधू नये. 'यूएचटी' आहे का, साठवण कशी सांगितली आहे आणि तारीख कोणती आहे, हे तीन मुद्दे वाचावेत.

एका बाबतीत तर लॅक्टोज-फ्री दूध थोडे नाजूकच असते. ग्लुकोज व गॅलॅक्टोज दुधातील प्रथिनांशी लवकर संयोग पावतात. त्यामुळे डबा फार दिवस आणि विशेषतः उष्णतेत राहिला तर दूध किंचित तांबूस होते व चव बदलते, कधी कडवट लागते. खीर किंवा बासुंदी आटवतानाही ते साध्या दुधापेक्षा लवकर रंग धरते. टिनाच्या पत्र्याखाली तापलेल्या दुकानात असा माल सहा महिने ठेवणे म्हणूनच योग्य नाही.

एन्झाइम कशाचे? हलाल आहे काय?

हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. चीज बनवण्यासाठी पूर्वापार वापरले जाणारे रेनेट वासराच्या जठरातून काढले जात असे. त्यामुळे एन्झाइम म्हटले की शंका येते. लॅक्टेजचे तसे नाही. दुधासाठी वापरले जाणारे लॅक्टेज यीस्टपासून किंवा बुरशीवर्गीय सूक्ष्मजीवांपासून मिळवतात. त्यात जनावराचा अवयव नसतो. आपल्या देशात डब्यावर हिरव्या रंगाचे शाकाहारी चिन्हही असते. तरीही ज्यांना खात्री हवी त्यांनी डब्यावरील घटकांची यादी वाचावी. ही सवय सर्वच डबाबंद मालाबाबत चांगली.

कोणाला गरज आहे आणि कोणाला नाही?

ज्याला साधे दूध पचते त्याने लॅक्टोज-फ्री दूध घेण्याचे काहीच कारण नाही. ते अधिक पौष्टिक नसते, महाग मात्र असते. ज्याला त्रास होतो त्यालाही बहुतेकदा थोडे दूध चालते. चहात पडणाऱ्या ५० मि.ली. दुधात जेमतेम अडीच ग्रॅम लॅक्टोज असते. २५० मि.ली.च्या मोठ्या ग्लासात साधारण १२ ग्रॅम. अनेकांना तेवढेही जेवणाबरोबर घेतल्यास सोसते, उपाशीपोटी घेतल्यास त्रास देते. रमजानमध्ये दिवसभराच्या उपवासानंतर इफ्तारला एकदम गारेगार दूध-सरबताचे दोन ग्लास पिऊन ज्यांचे पोट बिघडते त्यांनी हे ध्यानात घ्यावे. खजूर व पाणी आधी, दूध थोडे आणि नंतर, असा क्रम त्यांनी करून पाहावा.

आपल्या स्वयंपाकघरातच स्वस्त उपाय आहेत. दही लागताना जंतू साधारण पाव हिस्सा लॅक्टोज खाऊन टाकतात आणि उरलेले पचवायलाही मदत करतात. पनीर करताना बरेचसे लॅक्टोज निवळीच्या पाण्याबरोबर निघून जाते. साजूक तुपात ते जवळजवळ नसतेच. खव्याचे मात्र उलट आहे. एक किलो खव्यासाठी साधारण पाच लिटर दूध आटवतात आणि त्या पाच लिटरांतील सर्व लॅक्टोज त्या किलोत येते. पेढा, बर्फी आणि आटवलेल्या दुधाचा शीरखुर्मा ईदच्या दिवशी काहींना का बाधतो, त्याचे हे एक कारण आहे. अशा घरांत पाहुण्यांसाठी एक लहान पातेले लॅक्टोज-फ्री दुधाचे वेगळे केले तर कोणाला वाटी परत करावी लागणार नाही. त्यात साखर मात्र बेताने घालावी.

तीन गोष्टींबाबत गैरसमज नको. पहिली, दुधाची अॅलर्जी वेगळी. ती दुधातील प्रथिनांची असते. अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे अशी तिची लक्षणे असू शकतात. लॅक्टोज-फ्री दुधातही तीच प्रथिने असल्याने अशा रुग्णाला ते चालत नाही. दुसरी, मधुमेह. 'लॅक्टोज-फ्री' म्हणजे साखरमुक्त नव्हे. साखर तितकीच असते, फक्त तुटलेली. तिसरी, तान्ही बाळे. जुलाबानंतर काही बाळांना तात्पुरते दूध पचत नाही. त्यावर डॉक्टर सांगतील तेच करावे. आईचे दूध आपल्या मनाने बंद करून डब्याचे दूध सुरू करू नये. एक वर्षाच्या आतील बाळाला दुकानातील लॅक्टोज-फ्री दूध हे आईच्या दुधाला पर्याय नाही.

दुकानदारांसाठी

धाडसारख्या गावात लॅक्टोज-फ्री दुधाची मागणी मर्यादितच राहणार. म्हणून लहान डबे थोडे मागवावेत. नवा माल आला की जुना पुढे व नवा मागे ठेवावा. तारखेला महिना उरला की विक्रीचा विचार करावा, तारीख उलटण्याची वाट पाहू नये. डबा फुगलेला, चिरलेला किंवा कोपऱ्यातून झिरपणारा असेल तर तो विकू नये, फुकटही देऊ नये. ऊन येते त्या बाजूस आणि साबण, रॉकेल, कीटकनाशक यांच्याशेजारी दूध ठेवू नये.

पिशवीच्या दुधाबाबत याहून अधिक काळजी हवी. पहाटे गाडीने टाकलेले क्रेट दुकान उघडेपर्यंत ओट्यावर पडून राहतात आणि तेवढ्यात दोन दिवसांच्या मुदतीतील बराचसा भाग खर्च होतो. तारीख आजची असली तरी असे दूध उकळताना फाटते. गाडी येण्याच्या वेळी कोणीतरी हजर राहावे किंवा बर्फाची पेटी ठेवावी.

होळीच्या सुमारास पिंपळगाव सराई येथील सैलानीच्या यात्रेला लाखो लोक येतात. रमजान व ईदलाही मागणी एकदम वाढते. अशा वेळी हॉटेलवाल्यांनी कच्च्या दुधाचा साठा करण्यापेक्षा रोजच्या गरजेपुरते ताजे दूध घ्यावे आणि जादा गरजेसाठी यूएचटी डबे हाताशी ठेवावेत. महाग पडले तरी ते नासत नाहीत आणि उरले तर पुढच्या आठवड्यात खपतात.

सोडा घालून टिकवलेले दूध

आंबट व्हायला लागलेल्या दुधात खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा टाकला की आम्ल मारले जाते आणि दूध उकळताना फाटत नाही. पण जंतू तेथेच राहतात, उलट अधिक वाढतात. दूध ताजे झालेले नसते, त्याचा दोष झाकला गेलेला असतो. डेअरीत रोझॉलिक आम्लाच्या परीक्षेत असे दूध तांबडे होऊन पकडले जाते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार अशी भेसळ गुन्हा आहे. याच कायद्यानुसार लहान दूधविक्रेत्यानेही नोंदणी करून घ्यायची असते.

कायद्यापेक्षाही मोठी गोष्ट इमानाची आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला व आत ओल आढळली, तेव्हा ओला माल वर का ठेवला नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली, हे सर्वांना माहीत आहे. पावसाने धान्य भिजणे हा त्या विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. ओल लपवणे हा होता. दुधाचेही तसेच आहे. उन्हाळ्यात दूध आंबट होणे हा अपराध नव्हे. सोडा घालून ते ताजे म्हणून विकणे हा अपराध आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील त्या गवळणीच्या मुलीची हकिकतही प्रसिद्ध आहे. खलीफा पाहत नाहीत म्हणून दुधात पाणी घाल, असे आई म्हणाली, तेव्हा अल्लाह तर पाहतो आहे असे सांगून तिने नकार दिला. आजही कॅनचे झाकण उघडताना रस्त्यावर कोणी निरीक्षक नसतो.

आंबट होत आलेले दूध प्रामाणिकपणे विकण्याचा मार्गही आहे. ते 'उकळायचे नाही' असे सांगून कमी भावात पनीरवाल्याला द्यावे. नफा गेला तरी सगळे भांडवल जात नाही आणि गिऱ्हाईक टिकते.

भेसळीबाबत सगळेच दूध वाईट असे समजण्याचेही कारण नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातील १,१०३ शहरांतून ६,४३२ नमुने घेतले. त्यांचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९३ टक्के नमुने पिण्यास सुरक्षित आढळले, आरोग्यास घातक भेसळ केवळ १२ नमुन्यांत निघाली. मात्र ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा अधिक होते. ते दूधवाल्याच्या हातून येत नाही, बुरशी लागलेल्या चाऱ्यातून व ढेपेतून येते आणि दूध उकळल्याने नाहीसे होत नाही. आपल्या भागात सरकीची ढेप हे मुख्य खाद्य आहे. पावसाळ्यात ओल लागलेली, काळी पडलेली ढेप जनावराला घालू नये. ढेपेची पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत.

पुढचा मार्ग

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या सहकार्याने २०१६ साली सुरू झालेल्या विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पात बुलढाणा व शेजारचा जालना हे दोन्ही जिल्हे घेण्यात आले होते. गावपातळीवर दूध मोजणे व लवकर थंड करणे हा अशा योजनांचा गाभा असतो. ज्या गावात दहा-पंधरा उत्पादक आहेत तेथे त्यांनी एकत्र येऊन शीतकरणाच्या टाकीची मागणी करावी. एकट्या माणसाला ती परवडत नाही, पण पंधरा जणांना परवडू शकते. टाकी गावात आली की संध्याकाळचे दूध सकाळपर्यंत सुखरूप राहते आणि उत्पादकाला मिळेल त्या भावात दूध देण्याची घाई करावी लागत नाही. भाव ठरवण्याची थोडी ताकद त्याच्या हाती येते.

ते होईपर्यंत स्वच्छ कास, घासलेला कॅन, पाण्याचा हौद, ओले गोणपाट आणि चमचाभर दुधाची उकळून केलेली परीक्षा, एवढे तर आजपासूनच करता येईल. यातील एकाही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही. दुकानदाराने डब्यावरील तारीख व पद्धत वाचून गिऱ्हाइकाला खरे ते सांगावे. ज्याला साधे दूध पचते त्याला महाग डबा गळ्यात मारू नये आणि ज्याला खरोखर गरज आहे त्याला तो कसा वापरावा हे समजावून द्यावे. गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येते ते अशा विश्वासाने.